पहिली बोट, दुसऱ्यांदा

मागच्या महिन्यात फाट्यावरच्या हॉटेलात आम्ही खिचडी खात बसलो होतो. शेजारच्या बाकावरून ओळखीच्या एका गुरुजींनी विचारले, "काय साहेब, जयभीम! बोट घ्यायलाव म्हणे? वारंग्यात?" आजूबाजूची चार मंडळी हसली. हसण्यासारखेच आहे. आमच्या वारंगा फाट्यावरून नांदेडला जाता येते, हिंगोलीला जाता येते, नागपूर आणि तुळजापूरचा रस्ताही इथूनच जातो; समुद्र मात्र कुठल्याच बाजूला जवळ नाही. पण पाणी आहे. पैनगंगेवर इसापूरचे धरण आहे, आणि पाऊस बरा झाला की त्या जलाशयाचा पलीकडचा काठ धुरकट दिसतो. शिडाच्या लहान बोटीला एवढे पाणी पुष्कळ झाले.

आम्ही शिडाची दोरी पहिल्यांदा हातात धरली ती मुंबईत कॉलेजात असताना, एन.सी.सी.च्या नौदल शाखेत. बोट होती एंटरप्राइज, दोघांनी चालवायची. 1982 साली दिल्लीच्या आशियाई खेळांतील शिडाच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या आणि फायरबॉल या बोटीच्या प्रकारात फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनी सुवर्णपदक जिंकले. तेव्हा वाटले, आता आपणही थांबायचे नाही. थांबलो. नोकरी लागली, बदल्या झाल्या, मुलींची शिक्षणे झाली. मग 2023 साली हांगझोच्या आशियाई स्पर्धेत नेहा ठाकूर या मुलीने रौप्यपदक मिळवल्याची बातमी वाचली. देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी, शिकली भोपाळच्या तलावावर. म्हणजे समुद्र लागतोच असे नाही! त्या रात्री आम्ही घरी बोटीचा विषय काढला.

आपल्या समाजातली कितीतरी मंडळी नौदलात, गोदीत नोकरी करून निवृत्तीनंतर गावी आली आहेत. त्यांच्यापैकी कुणाच्या मनात हा किडा असेल तर पुढचे त्यांच्यासाठी.

पहिली चूक आम्ही केली ती आठवणीतल्या शरीरासाठी बोट निवडण्याची. मनात लेझर होती. ब्रूस किर्बी या कॅनडातल्या गृहस्थांनी आखलेली ही एकट्याची बोट, सव्वाचार मीटर लांब, नुसता सांगाडा साठ किलोच्या आसपास. शीड एकच, दोऱ्या थोड्या. 1996 पासून ती ऑलिंपिकमध्ये आहे. आता तिचे अधिकृत नाव इल्का. तिची एक सोय फार चांगली. सांगाडा तोच ठेवून डोलकाठीचा खालचा भाग आणि शीड बदलले की बोट लहान-मोठ्या माणसाला जुळते. शिडे तीन मापांची, साधारण पावणेपाच, पावणेसहा आणि सात चौरस मीटर. आमचे वजन बासष्ट किलो, तेव्हा मधले शीड आमचे. कागदावर सगळे जुळले.

मग पुण्याच्या बाजूला एका तलावावर ओळखीने ती चालवायला मिळाली. आमच्या घरच्या काठावर सतरंजी टाकून बसल्या होत्या. पहिला अर्धा तास फार सुखाचा गेला. हाताला सगळे आठवत होते. मग वारा पाठीशी असताना बोट वळवली, शिडाखालची आडवी काठी सपकन इकडची तिकडे आली, आम्ही वाकलो पण उठून पलीकडे जायला उशीर झाला, आणि बोट आडवी झाली. घाबरलो नाही. उलटलेल्या बोटीच्या पोटातून बाहेर येणाऱ्या फळीवर वजन टाकले की ती सरळ होते, हे ठाऊक होते. झालीही. पण वर चढता येईना. विसाव्या वर्षी कोपरावर जोर देऊन आम्ही माशासारखे आत पडायचो. आता तीनदा प्रयत्न केला, तीनदा घसरलो. चौथ्या वेळी हातात जोरच राहिला नाही. अंगात लाइफ जॅकेट होते म्हणून नुसते तरंगत राहिलो. शेवटी तिथल्या पोराने मोटरबोट आणून आम्हांला कॉलरला धरून ओढले.

काठावर आलो तेव्हा आमच्या घरच्या उभ्या होत्या. म्हणाल्या, "अहो, उद्या इसापूरला असं झालं तर तिथं कोण पोरगा येणार? मी काठावरून काय करायचं? ओरडायचं?"

याला उत्तर नव्हते. त्यांना पोहता येत नाही. आमच्या पिढीत मुलांना पाठीला डबा बांधून विहिरीत ढकलत, मुलींना काठावर धुणे. आम्हांला तर विहीरही नव्हती, म्हणजे होती पण आमच्यासाठी नव्हती. आम्ही कयाधूच्या डोहात शिकलो.

त्या दिवसापासून बोट निवडण्याची आमची कसोटी बदलली. वेग किती, दिसते कशी, शर्यतीत कुठे, हे सगळे मागे गेले. उलटल्यावर परत आत कसे जायचे, हा प्रश्न पहिला. आणि इथे दोघांची बोट बरी पडते. तिची युक्ती अशी: बोट आडवी झाली की एकाने फळीवर चढायचे, दुसऱ्याने बोटीच्या आतल्या बाजूला पाण्यात तरंगत राहायचे. बोट सरळ होताना ती त्या दुसऱ्याला चमच्याने घेतल्यासारखी आत घेते. मग आतला माणूस बाहेरच्याला ओढतो. एकट्याच्या बोटीत तो ओढणारा हात नसतो. त्यातूनही कुणाला लेझरच घ्यायची असेल त्याने काठाशी दोरीचा फास बांधून ठेवावा, पाय ठेवायला पायरी होते. आम्हांला हे चाळीस वर्षांनी कळले.

दोघांच्या बोटींत मिरर आम्हांला मनापासून आवडते. 1962 साली इंग्लंडमध्ये निघाली, घरच्या घरी प्लायवूडच्या फळ्या तांब्याच्या तारेने शिवून करण्याजोगी, लाल शिडांची, वजन पंचेचाळीस किलोच्या आसपास. पण आपल्याकडे ती सहसा दिसत नाही. एंटरप्राइज सापडू शकते. जॅक होल्ट यांनी 1956 साली आखलेली, चार मीटर लांब. वजन नव्वद किलोच्या पुढे, म्हणजे दोन चाकांच्या ट्रॉलीशिवाय हलायची नाही. उलटल्यावर जुन्या एंटरप्राइजमध्ये पाणी भरते, म्हणून आतल्या हवेच्या पिशव्या शाबूत हव्यात आणि बादली दोरीने बांधलेली हवी. शीडही सुरुवातीला गुंडाळून लहान करून घ्यायचे.

जुनी बोट बघायला जाताना आम्ही तानकाटा नेतो. पुढचे टोक आणि मागचे टोक वेगवेगळे उचलून वजन घ्यायचे. बेरीज फार जास्त भरली तर सांगाड्यात पाणी मुरले आहे असे समजावे. तळ अंगठ्याने दाबत जावे, जिथे मऊ लागेल तिथे आत सडले आहे. लेझर असेल तर डोलकाठीच्या भोकात पाणी ओतून चहा पिऊन यावे; पाणी उतरले असेल तर विकणाऱ्याचे आभार मानून परत फिरावे. शीड मऊ झाले असेल तर चालेल, आपल्याला पदक मिळवायचे नाही.

आपल्या पाण्याचेही काही पाहावे लागते. उन्हाळ्यात धरण उतरते, काठाला काळ्या मातीचा चिखल उघडा पडतो, त्यात ट्रॉली रुतली की बैल आणावे लागतील. दिवाळीनंतर पाणी भरपूर, वारा मऊ. परतून शिकणाऱ्याला तोच काळ बरा. एप्रिल-मेच्या दुपारी मात्र बोट काढूच नये. वळवाच्या आधी वावटळ येते, मागोमाग विजा, आणि उघड्या पाण्यावर सगळ्यांत उंच वस्तू म्हणजे आपली डोलकाठी. जलाशय सरकारचा, तेव्हा जलसंपदा खात्याकडे लेखी अर्ज दिला आहे. मासेमारी करणाऱ्यांशीही बोललो. त्यांची जाळी कुठे असतात ते त्यांनी दाखवले, आणि पाण्याखाली गेलेली झाडे कुठे आहेत तेही.

मधल्या काळात हैदराबादला हुसेनसागरावर आठ दिवस शिकून यायचा विचार आहे, दोघांनीही. नांदेडहून रेल्वे आहे.

पैसे बाजूला काढून ठेवले आहेत. पण आमच्या घरच्यांनी अट घातली: त्यांना पन्नास मीटर पोहता येईपर्यंत बोट घरात येणार नाही. आठवड्यातून तीन दिवस त्या एस.टी.ने नांदेडला पोहायला जातात, सोबत शेजारच्या दोघी. सध्या गाडी पंचवीस मीटरवर अडली आहे.