पाचवी मुलगी

गेल्या पावसाळ्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. आमच्या उर्दू शाळेतून दहावी झालेली, आता जिल्ह्यातल्याच एका महाविद्यालयात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. शाळेत असताना बास्केटबॉल खेळायची. आमचे मैदान म्हणजे मुरूम टाकलेले अंगण, एकाच बाजूला खांब आणि त्यावर जराशी झुकलेली रिंग. तरीही ती पंधरा फुटांवरून चेंडू टाकू लागली की मधल्या सुट्टीतली पोरे डबा बाजूला ठेवून बघत राहायची.

चहा पिता पिता ती म्हणाली, "सर, आमचा संघ गेलाच नाही. चारच जणी झालो."

"पाचवी मिळाली नाही?"

"मिळाली होती. तिच्या अब्बांनी नाही म्हटलं."

बास्केटबॉलमध्ये एका वेळी पाच खेळाडू मैदानात उतरतात. बारा जणींचा संघ नेता येतो, पण सामना सुरू करायला किमान पाच उभ्या असाव्याच लागतात. ठरल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांतही पाच जणी तयार नसतील, तर न खेळताच सामना हरल्याची नोंद होते. महाविद्यालयानेही सांगून टाकले, पाच होत नाहीत तर प्रवेशिका पाठवून काय उपयोग? विषय तिथेच संपला.

मला आधी हे एवढे मोठे वाटले नाही. एक स्पर्धा हुकली, पुढच्या वर्षी खेळतील. नंतर मात्र मी चौकशी केली. क्रीडा शिक्षकांना विचारले, परिपत्रके वाचली. महाविद्यालयातला खेळाडू राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत कसा पोहोचतो, ते पायरी पायरीने समजून घेतले. वीस वर्षे शिकवतो आहे, बी.एड. केले आहे, पण ही शिडी मला नीट माहीत नव्हती. आपल्या मोहल्ल्यातल्या आईबापांना कुठून माहीत असणार? म्हणून आधी तीच सांगतो.

बुलढाणा जिल्ह्यातली महाविद्यालये संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठात येतात. अकोला, वाशीम, यवतमाळ आणि अमरावती हे बाकीचे चार जिल्हे. पहिली पायरी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची. तिथे महाविद्यालय आपल्या नावाने आणि आपल्या संघाने उतरते. पण या पायरीवरून वर चढतो तो जिंकलेला संघ नव्हे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. निवड समिती सामने बघते, चाचणी घेते, वेगवेगळ्या महाविद्यालयांतून खेळाडू वेचते, सराव शिबिर होते आणि बारा जणींचा विद्यापीठाचा संघ ठरतो. ज्याला आपली मुले मोठ्या अभिमानाने 'कलर कोट' म्हणतात, तो मिळतो इथे.

दुसरी पायरी पश्चिम विभागाची. भारतीय विद्यापीठ संघाने देशाचे पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण असे चार विभाग केले आहेत. पश्चिम विभागात आपल्याबरोबर गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश अशा राज्यांतली विद्यापीठे असतात. प्रत्येक विभागातले पहिले चार संघ अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला पात्र ठरतात. म्हणजे सोळा संघ. त्यातही जे पहिल्या आठांत येतात, त्यांना खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेचे दार उघडते. ही स्पर्धा २०२० मध्ये भुवनेश्वरला पहिल्यांदा झाली.

आता खालून वर बघा. खेलो इंडियापासून एकेक पायरी उतरत आलो, की सगळ्यात खाली एका महाविद्यालयाच्या कार्यालयातली प्रवेशिका उरते. ती गेली नाही, तर त्या महाविद्यालयातल्या मुलीला निवड समितीने बघायचे कुठे? माझी विद्यार्थिनी विद्यापीठाच्या संघात आली असती की नाही, मला माहीत नाही. पण तिला कोणी नापास केलेले नाही. तिची परीक्षाच झाली नाही.

आता जरा अमेरिकेकडे बघू. तिथे दर मार्च महिन्यात महाविद्यालयीन बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा होते आणि सगळा देश तीन आठवडे टीव्हीला चिकटतो. पुरुषांच्या स्पर्धेत ६८ संघ, महिलांच्याही ६८. तिथली महाविद्यालये आणि विद्यापीठे वेगवेगळ्या गटांत खेळतात. गटाचा विजेता थेट राष्ट्रीय स्पर्धेत जातो. उरलेल्या जागा एक समिती वर्षभराची कामगिरी पाहून भरते. मुख्य म्हणजे जिंकलेला संघ जसाच्या तसा पुढे जातो. २०२२ मध्ये जर्सी सिटीचे सेंट पीटर्स हे लहानसे विद्यापीठ आपला गट जिंकून आत आले आणि केंटकीसारख्या बलाढ्य संघाला हरवून शेवटच्या आठांत पोहोचले. पंधरावे मानांकन असलेला संघ तिथवर जाण्याची ती पहिलीच वेळ होती. त्या गावाला आयुष्यभर पुरेल अशी ती आठवण आहे.

आपल्याकडे बुलढाण्याच्या एखाद्या महाविद्यालयाने पाचही जिल्हे जिंकले, तरी संघ म्हणून त्याचा प्रवास तिथेच थांबतो. त्यातल्या दोघी-तिघी पुढे जातील, बाकीच्या घरी. शाळेत असे नसते. शालेय स्पर्धेत जिल्हा जिंकलेली शाळा स्वतःच्या संघाने विभागाला आणि विभाग जिंकला तर राज्याला जाते. फुटबॉलच्या सुब्रतो चषकात तर शाळेचा संघ राष्ट्रीय मैदानापर्यंत पोहोचतो. मग महाविद्यालयाच्या विजेत्या संघालाच रस्ता का नाही? विद्यापीठाचा निवडक संघ ठेवा, त्याच्या जोडीला प्रत्येक विद्यापीठातल्या विजेत्या महाविद्यालयांची वेगळी विभागीय स्पर्धा भरवा. गाव खेळाडूपेक्षा संघाला जास्त ओळखते. शेवटपर्यंत आपल्या कॉलेजचे नाव झळकले, तर पुढच्या वर्षी पाचवी मुलगी शोधावी लागणार नाही.

तरी आपल्या पद्धतीची एक चांगली बाजू आहे, तीही सांगायला हवी. कमजोर संघातली एखादी गुणी मुलगी इथे बुडत नाही. तिचा संघ पहिल्याच सामन्यात हरला तरी निवड समितीचे तिच्याकडे लक्ष जाऊ शकते. खेडेगावातल्या महाविद्यालयासाठी ही मोठी सवलत आहे. पण ती मिळवायला पहिला सामना हरावा लागतो, आणि हरण्यासाठीसुद्धा पाच जणी लागतात.

म्हणून मी त्या पाचव्या मुलीच्या अब्बांना भेटायला गेलो. ते माझे लांबचे ओळखीचे. दुकान बंद करून आले, मला बसवले, सरबत मागवले. मी समजत होतो तसे ते अडून बसलेले अजिबात नव्हते. त्यांनी मला तीन प्रश्न विचारले. "सर, सोबत कोण जाणार? अंगावर काय घालणार? और इस से हासिल क्या होगा?"

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. ते नुसते खेळून मिळत नाही, त्याला ठरावीक पातळीवरचे यश लागते. पण तिथवर जाण्याचा रस्ता याच पायऱ्यांवरून जातो. शिवाय शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन शिक्षिका होता येते. आपल्या मुलींना शिकवायला क्रीडा शिक्षिका मिळत नाही, ही तक्रार आपणच करतो. ती होणार कुठून?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी तयारी करून गेलो होतो. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमात पूर्वी डोके झाकायला बंदी होती. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत कतारच्या मुलींना स्कार्फ काढायला सांगितले, तेव्हा त्या न खेळताच स्पर्धेतून बाहेर पडल्या. अमेरिकेत बिल्किस अब्दुल-कादिर नावाची मुलगी महाविद्यालयीन बास्केटबॉल हिजाब घालून खेळली. शिक्षण संपल्यावर परदेशात व्यावसायिक खेळायची वेळ आली, तेव्हा हाच नियम आडवा आला. ती स्प्रिंगफील्डची. याच गावात १८९१ मध्ये जेम्स नाइस्मिथ यांनी भिंतीवर पीचची टोपली टांगून हा खेळ सुरू केला होता. बिल्किस आणि तिच्यासारख्या कित्येकांनी आवाज उठवला आणि १ ऑक्टोबर २०१७ पासून महासंघाने बंदी उठवली. आता चेहरा न झाकणारे, डोक्याला घट्ट बसणारे, टाचण्या किंवा लोंबती टोके नसलेले आवरण चालते. रंग काळा, पांढरा किंवा गणवेशाशी जुळणारा, आणि संघात ज्या ज्या मुली ते घालतील त्या सगळ्यांचा एकच. हाताला पूर्ण बाही आणि पायाला घट्ट विजारही चालते.

त्यांनी हे शांतपणे ऐकले. "यह तो किसी ने बताया नहीं," एवढेच म्हणाले. खरेच आहे. बंदी आली तेव्हा आपल्या गटागटांतून किती संदेश फिरले! बंदी उठली, ते कोणी कोणाला कळवले नाही. अन्याय सांगण्यात आपण जेवढे तत्पर असतो, तेवढे मिळालेला हक्क सांगण्यात नसतो.

मी त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली. खेळाचा शोध लागल्यावर लगेच वर्षभरात सेंडा बेरेनसन या शिक्षिकेने अमेरिकेतल्याच स्मिथ कॉलेजात तो मुलींना शिकवायला घेतला. मार्च १८९३ मध्ये तिथे मुलींचा पहिला महाविद्यालयीन सामना झाला, तेव्हा पुरुषांना आत प्रवेश नव्हता! म्हणजे मुलीच्या मर्यादेची काळजी काही आपलीच मक्तेदारी नाही. त्यांनाही ती होती. फरक एवढाच, की त्यांनी दार लावून घेतले आणि खेळ चालू ठेवला. आपण खेळ बंद करतो. हजरत आयेशा (र.) यांनी प्रेषितांबरोबर (स.) धावण्याची शर्यत लावली होती, ही हदीस आपण कौतुकाने ऐकतो. आपल्या लेकीने धावायचे म्हटले की घड्याळ बघतो.

राहिला पहिला प्रश्न. सोबत कोण जाणार? याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. मलकापूरहून गाडीत बसले की नांदुरा, शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा आणि मग अमरावती. सामना संपायला संध्याकाळ झाली तर मुक्काम. मुलींबरोबर एखादी शिक्षिका जाईल का, राहायची सोय कुठे, रात्री फोन कोणाला करायचा, हे त्या महाविद्यालयाने पालकांना सांगितलेच नव्हते. सूचनाफलकावर एक चिठ्ठी लावली आणि मुली येतील म्हणून वाट पाहिली. बापाचा प्रश्न रास्त होता. त्याला जुनाट म्हणून मोकळे होणे सोपे आहे. हा प्रश्न मुसलमान बाप विचारतो तसा मराठा, माळी, बौद्ध बापही विचारतो. उत्तर महाविद्यालयाने द्यायचे असते.

म्हणून माझे म्हणणे तिघांना आहे. महाविद्यालयांना विनंती, की जूनमध्ये प्रवेश देतानाच मुलींच्या पालकांची एक बैठक घ्या. सोबत जाणाऱ्या शिक्षिकेचे नाव आणि फोन नंबर लिहून द्या. डोके झाकून खेळता येते, हे स्वतःहून सांगा. विद्यापीठाने मुलींचा संघ न पाठवणाऱ्या महाविद्यालयाला निदान एकदा कारण विचारावे. जिथे पाच होत नाहीत, तिथल्या मुलींना थेट निवड चाचणीला बसू द्यावे. चार जणींची शिक्षा त्या चौघींना का?

तिसरे म्हणणे आपल्या लोकांना. विद्यापीठांच्या क्रीडास्पर्धांत सर्वांत सरस ठरणाऱ्या विद्यापीठाला जो फिरता चषक राष्ट्रपतींच्या हस्ते मिळतो, त्याचे नाव मौलाना अबुल कलाम आझाद चषक. १९५६-५७ पासून तो दिला जातो. ११ नोव्हेंबरला, मौलानांच्या जयंतीला, आपण शाळाशाळांतून भाषणे करतो. मीही करतो. त्या भाषणात या चषकाचा उल्लेख मी आजवर एकदाही केला नव्हता. त्यांच्या नावाच्या चषकासाठी देशभरातल्या मुली घाम गाळतात आणि आपल्या मुली प्रवेशिकेपाशीच थांबतात, हे मौलानांना आवडले असते का?

यंदाचे सत्र सुरू झाले आहे. परवा त्या अब्बांची बाजारात भेट झाली. मी विषय काढला नाही, त्यांनीच काढला. "वह मॅडम साथ जाने वाली हैं क्या, पूछ के बताओ." मी त्या महाविद्यालयात दोनदा जाऊन आलो. अजून नक्की उत्तर मिळालेले नाही. उद्या तिसऱ्यांदा जाणार आहे.