परीक्षा भट्टीपाशी व्हावी

भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी आयुर्वेद स्नातक शिक्षणात व्याख्यानाव्यतिरिक्त अध्यापनासाठी स्वतंत्र तास दिले आणि क्षमतेवर आधारित अध्यापनाचा आग्रह धरला. हे स्वागतार्ह आहे. मात्र विद्यार्थी अखेर परीक्षेत जे विचारले जाते तेच शिकतो, आणि रसशास्त्र-भैषज्यकल्पनेच्या प्रात्यक्षिकात आजही बहुधा लक्षणेच विचारली जातात.

तैलपाकच घ्या. कल्क १ भाग, स्नेह ४ भाग, द्रव १६ भाग हे प्रमाण कोणीही पाठ म्हणेल. कल्काची वात वळते, अग्नीवर टाकल्यास तडतडत नाही, तैलात फेस येतो, घृतात फेस शमतो, हेही पाठ असते. परंतु कढईचा पसरटपणा, कल्कातील ओलावा आणि जाळ यांनुसार ती घटिका बदलते. मृदुपाकाकडून खरपाकाकडे जाण्यास फार वेळ लागत नाही. एका कढईभोवती दहा-बारा विद्यार्थी, पैकी एकाच्या हाती पळी आणि बाकीचे प्रात्यक्षिक वही उतरवून घेणारे, अशा स्थितीत ती घटिका किती जणांनी पाहिली असेल? गुण मात्र सर्वांना मिळतात.

हाच स्नातक पुढे शेड्यूल टी प्रमाणे चालणाऱ्या निर्मितिशाळेत तांत्रिक व्यक्ती म्हणून स्वाक्षरी करतो, किंवा चिकित्सक होऊन बस्तीसाठी तैल निवडतो. औषधनिर्मात्यांना याची झळ आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

लातूर पॅटर्नवर टीका पुष्कळ झाली, तीतील काही रास्तही आहे. पाकपरीक्षा काही बहुपर्यायी प्रश्नांनी होणार नाही. तरीही वारंवार चाचणी घेऊन चूक लगेच समजावण्याची त्याची सवय आपण अवश्य घ्यावी. एकाच तैलाचे मृदु, मध्यम आणि खर असे तीन पाक मुद्दाम सिद्ध करून नमुने नावाविना ठेवावेत. नस्यास कोणता, पानास व बस्तीस कोणता, अभ्यंगास कोणता आणि कशावरून, हे विद्यार्थ्याने सांगावे. निम्मे गुण पाक चालू असताना जागेवर केलेल्या नोंदींना द्यावेत. पाक खर झाला, पण तो खर झाल्याचे ज्याने वेळीच ओळखले, त्याला अनुत्तीर्ण करू नये.

तिळतेलाचा खर्च आणि अध्यापकांची अपुरी संख्या हे आक्षेप खरे आहेत. चौघांचा गट करून पळी आळीपाळीने दिल्यास खर्च आवाक्यात राहतो. नांदेडला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आणि शासकीय आयुर्वेदिक व युनानी रसशाळा दोन्ही आहेत. लातूरला मांजरा आयुर्वेद महाविद्यालय आहे. उरले आपण. निर्मितिशाळांच्या मालकांनी स्नेहपाकाचा दिवस जवळच्या महाविद्यालयास आधी कळवावा, आणि बिघडलेल्या घाण्यातील शेरभर तैल फेकून न देता 'केवळ अध्यापनासाठी' अशी चिठ्ठी लावून तेथे पाठवावे.