निवृत्तीचे घर आणि समुद्राचा काठ

डिसेंबर लागला की आमच्याकडे येणाऱ्या मंडळींच्या बोलण्याचा विषय बदलतो. गणपती होऊन गेलेले असतात, दिवाळी आटोपलेली असते, शाळांना सुटी लागलेली असते आणि व्हाक्वा, कात्र बोर्नच्या घराघरांतून एकच विचारणा सुरू होते, समुद्रावर कधी जायचे? पण गेल्या पंधरवड्यात एक निवृत्त मास्तर आपल्या पत्नीसह आमच्याकडे आले, ते दोन दिवसांच्या सहलीचा बेत घेऊन नव्हे. त्यांच्या हातात एका जागेचे कागद होते. पश्चिम किनाऱ्यावरचे लहानसे कांपमां, दारातच वाळू, पोर्ट लुई पाऊण तासावर. "तीस-पस्तीस वर्षे मुलांच्या वह्या तपासल्या. आता उन्हाळ्याचे चार महिने पाण्याकडे बघत बसावे म्हणतो," मास्तर म्हणाले. बाई काही बोलल्या नाहीत. निवृत्तीच्या वेळी हाती आलेली एकरकमी रक्कम जवळजवळ सगळी त्या कागदांत जायची होती.

हा प्रश्न एकट्या मास्तरांचा असता तर आम्ही तो येथे मांडला नसता. आपल्या समाजातील शिक्षक, पोलीस, परिचारिका आणि सरकारी कचेऱ्यांतले कारकून यांची एक मोठी पिढी निवृत्त झाली आहे किंवा होण्याच्या बेतात आहे. त्यातच वृद्धापकाळाचे मूळ निवृत्तिवेतन मिळण्याचे वय साठावरून टप्प्याटप्प्याने पासष्टाकडे नेण्याचे २०२५ च्या अंदाजपत्रकात ठरले. म्हणजे साठीला नोकरी सुटलेल्या माणसाला हातची पुंजी पूर्वीपेक्षा अधिक दिवस पुरवावी लागणार. अशा वेळी ती वाळूत घालायची की नाही, हा विचार थंड डोक्याने व्हायला हवा.

इच्छेला मात्र आम्ही हसणार नाही. आपल्या पूर्वजांचा समुद्राशी आलेला संबंध सुखाचा नव्हता. मुंबई बंदरातून जहाजात बसून, पोर्ट लुईच्या घाटाच्या पायऱ्या चढून ते आले आणि तेथून थेट उसाच्या मळ्यांवर गेले. किनाऱ्यावरची कांपमां होती ती मळेवाल्यांची. आपल्या पुष्कळ घरांतल्या आज्या त्या कांपमांत गेल्या त्या धुणीभांडी करायला, आणि आजोबा गेले ते राखणदार म्हणून. ज्या व्हरांड्याची फरशी आजीने पुसली, तशाच एखाद्या व्हरांड्यात नातवाने खुर्ची टाकून बसावे, यात गैर ते काय? मास्तरांच्या बोलण्यात हे कुठेतरी होते. त्यांनी ते उघड म्हटले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

आता कागदांकडे वळू. आम्ही त्यांत प्रथम एकच गोष्ट शोधली. विक्री की भाडेपट्टा? तो भाडेपट्टा होता. येथे आपले पुष्कळ लोक फसतात, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. फ्रेंच अमदानीत, गव्हर्नर देकां यांच्या कारकिर्दीत, १८०७ साली बेटाच्या किनाऱ्याभोवतीचा जमिनीचा एक पट्टा सरकारसाठी राखून ठेवण्यात आला. तोफा, चौक्या आणि रस्ते यांसाठी किनारा मोकळा हवा, हा त्यातला हेतू. यालाच ‘पा जेओमेत्रिक’ म्हणतात. मोठ्या भरतीच्या रेषेपासून आत निदान ८१ मीटर २१ सेंटिमीटर इतकी त्याची रुंदी कायद्यात आजही लिहिलेली आहे. इंग्रज आले, गेले, १९६८ साली स्वातंत्र्य मिळाले, १९९२ साली प्रजासत्ताक झाले, पण तो पट्टा तसाच राहिला. थोड्या जुन्या अपवादात्मक जागा सोडल्या तर पाण्याला लागून असलेली जमीन सरकारची आहे, आणि कांपमांवाला तिचा भाडेकरू आहे.

तेव्हा विकणारा जेव्हा ‘घर विकतो’ म्हणतो तेव्हा तो खरोखर काय विकतो? भिंती, छप्पर आणि पट्ट्याची उरलेली वर्षे. अलीकडचे पट्टे साधारणपणे साठ वर्षांचे असतात. ऐकायला साठ वर्षे पुष्कळ वाटतात, परंतु विकणाऱ्याने त्यांतली किती वापरली आहेत हे पाहावे. वार्षिक भाडे वेगळे, आणि ते ठराविक काळाने वाढते. निवृत्तिवेतन त्याच हिशेबाने वाढेल अशी हमी कोणी देत नाही. हक्क दुसऱ्याच्या नावावर करायचा तर सरकारची परवानगी लागते, ती हातात पडण्यापूर्वी पैसे देऊ नयेत. हे सगळे नोटेरकडे बसून, एकेक कलम वाचून घ्यावे. विकणाऱ्याने आणलेल्या नोटेरकडे जाऊ नये, आपला आपण निवडावा. त्याची फी देताना जिवावर येते खरे, पण न वाचलेल्या कलमाची फी त्याहून मोठी असते.

आता ‘उन्हाळी घर’ या शब्दाबद्दल. आपल्या पंचांगात पौष-माघ म्हणजे थंडीचे दिवस, आणि येथे त्याच महिन्यांत अंगाला घामाच्या धारा लागतात. पंचांग कोकणचे आणि आकाश मॉरिशसचे, ही गंमत आपल्याला नवी नाही. घर निवडताना मात्र पंचांग बाजूला ठेवून आकाशाकडे पाहावे. आपला उन्हाळा नोव्हेंबर ते एप्रिल, आणि वादळांचा मोसमही तोच. ज्या महिन्यांसाठी हे घर घ्यायचे त्याच महिन्यांत ते सोडून पळण्याची पाळी यायची. ६ फेब्रुवारी १९७५ चे जेर्व्हेझ आजच्या निवृत्त पिढीने बालपणी किंवा तरुणपणी स्वतः पाहिले आहे. १९६० च्या कारोलच्या गोष्टी आईबापांकडून ऐकल्या आहेत. कारोलनंतर देशाने गवताची आणि पत्र्याची घरे टाकून सिमेंटची धरली, कांपमांचेही तसेच झाले. रावेनालाच्या भिंती आणि उसाच्या पाचटाचे छप्पर आता शोभेपुरते उरले. पण स्लॅब घातला म्हणून समुद्र थांबत नाही. जानेवारी २०२४ मधील बेलालने राजधानीतल्या रस्त्यांवरून मोटारी वाहून नेल्या, हे सर्वांनी पाहिले.

शिवाय पश्चिम किनारा डोंगरांच्या आड आहे. आग्नेयेचे वारे तेथे मंदावून पोचतात. फ्लिक आं फ्लाकच्या बाजूला जानेवारीची दुपार अशी असते की व्हरांड्यातली खुर्ची सोडून माणूस पंख्याखाली जातो. त्याच वेळी व्हाक्वात खिडकी उघडली तर गार झुळूक येते. उलट जून ते ऑगस्ट क्युरपीप-व्हाक्वात धुके, रिमझिम आणि चार दिवस न वाळणारे कपडे, आणि पश्चिमेला स्वच्छ कोरडे ऊन. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना या उन्हाची किंमत सांगायला नको. आमचे स्पष्ट मत असे की, पठारावर राहणाऱ्या निवृत्त माणसाला समुद्राकाठी घर हवे असेलच तर ते हिवाळ्यासाठी हवे. मास्तरांना हे सांगितले तेव्हा ते चमकले. बाईंनी मात्र प्रथमच मान हलवली.

पाण्याजवळच्या जागेत पाणी कसे आहे तेही पाहावे. बेटाभोवती बहुतेक ठिकाणी प्रवाळाची भिंत आहे, तीच लाटा अडवते. पण जेथे नदी समुद्राला मिळते तेथे ती भिंत बहुधा तुटलेली असते, आणि त्या खिंडीसमोरच्या वाळूला मोठ्या लाटेचा मार बसतो. दक्षिणेला ग्री ग्रीजवळ तर ती भिंतच नाही. शांत पाण्यासमोरची वाळूही दरवर्षी जागेवर राहीलच असे नाही. फ्लिक आं फ्लाक आणि मों श्वाझी येथे किनाऱ्याची झीज सर्वांच्या डोळ्यांसमोर झाली. फिलावची झाडे, ज्यांना कोकणात सुरू म्हणतात, मुळे उघडी पडून उभी आहेत. एखादा शेजारी घाबरून दगडी भिंत घालतो, मग लाट तेथून उलटते आणि तुमची वाळू नेते. नव्या बांधकामाने भरतीरेषेपासून ३० मीटर मागे राहावे असा नियम आहे. जुने घर त्याच्या आत असेल तर ते पडल्यावर तेथेच पुन्हा बांधता येईल का, हे घेण्याआधी विचारावे.

खाऱ्या वाऱ्याबद्दल एक वाक्य पुरे. तो बिजागऱ्या खातो, फ्रीज खातो आणि शेवटी स्लॅबमधले लोखंड खातो.

‘शहराच्या जवळ’ हाही असाच फसवा शब्द आहे. पाऊण तास म्हणजे रविवारी सकाळी. कामाच्या दिवशी संध्याकाळी बांबूच्या रस्त्याने येऊन पाहावे. मेट्रो २०१९ साली सुरू झाली आणि २०२२ मध्ये क्युरपीपला पोचली, पण समुद्राकाठच्या गावांना ती जात नाही. आणि म्हाताऱ्या माणसाला शहर लागते ते कशासाठी? थिएटर-बाजारासाठी नव्हे. रात्री दोन वाजता छातीत कळ आली तर कांदोसच्या इस्पितळात किंवा राजधानीतल्या जीतू इस्पितळात किती वेळात पोचू, याचसाठी. आम्ही मास्तरांना विचारले, मोटार कोण चालवतो? ते स्वतः. आणि कळ त्यांनाच आली तर? या प्रश्नाला उत्तर नव्हते.

बाईंनी मग आपले म्हणणे सांगितले. त्या एकदा ते घर पाहायला भरदुपारी, कामाच्या दिवशी गेल्या होत्या. डावीकडचे घर बंद, उजवीकडचेही बंद, पलीकडे परदेशी जोडपे वर्षातून दोन महिने येते. "मी मीठ मागायला कोणाकडे जाऊ?" त्या म्हणाल्या. त्यांच्या गल्लीत चार घरे आपली आहेत, शनिवारचे भजन आहे, कोणी आजारी पडले तर डबा येतो. हे सगळे सोडून लाटांचा आवाज ऐकत बसायचे, तर लाट काही डबा आणत नाही.

परदेशी जोडप्यांविषयी आमच्या मनात आकस नाही. पण त्यांच्यासाठी २००२ पासून ज्या गृहयोजना निघाल्या त्यांतून किनाऱ्याच्या किमती कोणत्या मापाने ठरू लागल्या, हे समजून घ्यावे. त्यांतले घर किमान ३,७५,००० अमेरिकन डॉलरना घेतले की राहण्याचा परवाना मिळतो. तामारेंपासून रिव्हिएर न्वारपर्यंतचा बाजार त्या गिऱ्हाइकाकडे पाहून बोलतो. आपल्या मास्तरांच्या एकरकमेकडे पाहून नव्हे.

मुलांचे काय, हेही पाहू. "शेवटी मुलांनाच राहील," असे मास्तर म्हणाले. त्यांना तीन मुले. एक येथे, एक लंडनला, एक ऑस्ट्रेलियात. आपल्याकडे वारसा चालतो तो नेपोलियनच्या कायद्याच्या वळणाने. तीन मुले असली की मालमत्तेचा तीन चतुर्थांश भाग त्यांना समान जातो, बाप फार तर चौथा हिस्सा मनासारखा देऊ शकतो. आणि एकत्र राहिलेल्या मालमत्तेतून कोणत्याही एका वारसाला वाटणी मागता येते. वाळूवरच्या तीन खोल्यांची वाटणी कशी करणार? ते विकावेच लागते, आणि तोवर पट्ट्याची वर्षे आणखी कमी झालेली असतात. भावंडांत अबोला आणणारी अशी घरे आम्ही पाहिली आहेत.

मग समुद्राकडे पाठ फिरवायची का? मुळीच नाही. भरतीच्या रेषेखालची वाळू कोणाही कांपमांवाल्याची नाही, तिच्यावर चालण्याचा हक्क तुम्हा-आम्हा सर्वांचा आहे. ज्येष्ठांना २००५ पासून बसप्रवास फुकट आहे. पॉइंत ओ साब्लला लेडी सुशील रामगुलाम यांच्या नावाचे ज्येष्ठांसाठीचे विश्रामकेंद्र समुद्राजवळच आहे, आपल्या मंडळांनी त्याचा अधिक लाभ घ्यायला हवा. आणि स्वतःचेच घर हवे असेल तर रस्त्याच्या अलीकडे, दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत पाहावे. तेथे मालकीची जमीन मिळण्याचा संभव अधिक, किंमत कमी, बसथांबा आणि दुकान जवळ, आणि शेजारी बारमाही राहणारे. आमच्या मते अल्बियों किंवा कास्कावेलची बाजू या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. कास्कावेलला आपली माणसे आहेत, आपले देऊळ आहे, आणि तेथून पाणी फार दूर नाही. पुंजी घालण्याआधी तेथे एक हिवाळा आणि एक उन्हाळा भाड्याने राहून पाहावे. त्या उन्हाळ्यात वादळाचा इशारा एकदा तरी लागेल, त्या रात्री घर कसे वाटते ते आपोआप कळेल.

मास्तरांनी कागद परत केले. थोडे रागावूनच गेले असे आम्हांला वाटले. परंतु परवा बाईंचा फोन आला. येत्या जूनपासून तीन महिन्यांसाठी, रस्त्याच्या अलीकडे, दोन खोल्या ठरवल्या आहेत. समुद्र गच्चीवरून दिसतो. बसथांबा समोरच आहे, आणि शेजारच्या बाईंकडे मीठ मागून पाहिले, असे त्या हसत म्हणाल्या. मिळाले.