तोंडातला चट्टा आणि पेशीची खूण



ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या चाळींत रात्रपाळी करणाऱ्या भावाच्या खिशात तंबाखूची पुडी असते आणि माय-बहिणीच्या फळीवर मिशेरीची डबी. या दोन्हींतले विष तोंडात नेमके काय करते, ते समजून घेऊ.

आपले शरीर पेशींचे बनले आहे. जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुके असतात. पेशीने काय करायचे, हे ती ठरवतात. टीपी-५३ नावाचे जनुक पेशीची बेफाम वाढ रोखते. कॅस्प-८ हे जनुक बिघडलेल्या पेशीला संपवायला मदत करते. तंबाखूने अशी जनुके बिघडली, की पेशी वाढतच जातात आणि पुढे मानेतल्या गाठींत उतरतात.

खारघरचे टाटा मेमोरियलचे संशोधन केंद्र आणि पश्चिम बंगालमधील कल्याणीची जनुक संशोधन संस्था यांनी ११० भारतीय रुग्णांच्या गाल-हिरडीच्या कर्करोगाचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध केला. त्यात या दोन्ही जनुकांचा बिघाड वारंवार आढळला. अशा खुणांना बायोमार्कर म्हणतात. कोणाचा रोग जास्त आक्रमक आहे, हे त्यावरून आधीच कळावे, हा शोधाचा हेतू. घशाच्या एका विषाणूजन्य कर्करोगात पी-१६ ही खूण उपयोगी पडते. तंबाखूच्या कर्करोगासाठी तेवढी भरवशाची खूण रोजच्या उपचारांत अजून आलेली नाही.

म्हणून आज सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे वेळ. टाटा रुग्णालयाचा २०१५ चा अभ्यास पाहा. तोंडाच्या कर्करोगाच्या सुरुवातीलाच, पहिल्या शस्त्रक्रियेत मानेतल्या गाठीही काढलेल्या १०० पैकी ८० रुग्ण तीन वर्षांनी हयात होते. मानेत गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांत हे प्रमाण ६७-६८ होते.

"तुकडा काढला की रोग चवताळतो," असे वस्तीत बोलले जाते. हा गैरसमज आहे. तुकडा तपासल्याशिवाय रोगाचे निदान पक्के होत नाही. रोग वाढतो तो आपण घालवलेल्या महिन्यांत.

पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तिखट झोंबणे, तोंड पुरते न उघडणे, मानेत गाठ: यांपैकी काहीही दिसले तर पालिकेच्या किंवा सरकारी दवाखान्यात तोंड दाखवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत. रेशनकार्ड व आधारकार्ड सोबत न्या. एक खाडा पडेल, मजुरी बुडेल. पण उशीर झाला तर सारे घर बुडते.

आणि भगिनींनो, मिशेरीने दात मजबूत होत नाहीत. ती डबी आजच फेकून द्या.