गळू झालं तर लाजायचं कशाला?

आषाढात आमच्या मोहाडीकडे रोवणी लागली, की बायका दिवसभर बांधीत वाकलेल्या असतात. पायाखाली चिखल, वरून पाऊस, अंगावर ओलं लुगडं. चार-आठ दिवसांत कुणाच्या जांघेत, कुणाच्या काखेत फोड येतोच. आणि येतो तो गुपचूप!

मागच्या पावसाळ्यात मला काखमांजरी झाली. आधी वाटाण्याएवढी, चौथ्या दिवशी लिंबाएवढी. वेणी घालायला हात वर जाईना. तरी मी कुणाला बोलले नाही. जागाच तशी ना! घरातल्या पुरुषाच्या मानेवर फोड आला, तर सगळ्या गल्लीला कळतं. आपण मात्र पदराखाली लपवून भाकऱ्या थापतो.

शेवटी जाऊबाईंनी ओळखलं. "आंबे जास्त खाल्ले असंन. गरमी निंगते अंगातली," म्हणाल्या आणि बिब्बा शोधायला निघाल्या. बिब्ब्याला मी हात जोडले. त्याच्या तेलानं कातडी भाजते, म्हणजे गळवावर आणखी एक जखम. जवसाचं पोटीस बांधणाऱ्या आपल्या आज्या मात्र फार चुकत नव्हत्या. गुण असतो तो शेकाचा. सोसवेल इतक्या गरम पाण्यात स्वच्छ फडकं पिळून १०-१५ मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा शेकलं, तर लहान गळू बहुधा आपोआप फुटून बरं होतं. दाबायचं-टोचायचं नाही. नाका-ओठाजवळचं तर मुळीच नाही, तिथला संसर्ग क्वचित मेंदूपर्यंत जातो.

आणि आंबा बिचारा उगाच बदनाम! १८८० मध्ये स्कॉटलंडचे शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी गळवातला पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यांना द्राक्षांच्या घोसासारखे जंतू दिसले. स्टॅफिलोकॉकस हे नाव त्यावरूनच पडलं. हे जंतू कितीतरी जणांच्या नाकात नि कातडीवर एरवी निवांत असतात. कपडा घासला, ब्लेड लागलं, ओलीनं कातडी सोलवटली, की केसाच्या मुळाशी शिरतात.

मी दवाखान्यात गेले ती आठव्या दिवशी, ताप भरल्यावर. डॉक्टरांनी जागा बधिर करून चीर दिली, पू काढला. त्या रात्री कित्येक दिवसांनी झोप लागली. पू साचला की नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. मेडिकलमधून आणलेल्या दोन गोळ्यांनी तर नाहीच. अशा अर्धवट औषधांनी जंतू निर्ढावतात. पण खरी गोष्ट पुढे कळली. डॉक्टरांनी साखर तपासली, तर ती वाढलेली! गळू लपवलं असतं, तर साखरही लपूनच राहिली असती. म्हणून सांगते, पुन्हा पुन्हा गळवं होत असतील तर साखर तपासा. सरकारी केंद्रात तिशीपुढच्यांची ही तपासणी मोफत होते. साखर ठीक असूनही काखेत-जांघेत तिथल्या तिथेच गळवं येत राहिली, तर तो वेगळा त्वचारोगही असू शकतो. त्यालाही उपचार आहेत.

सगळ्यात राग येतो तो बाळंतिणीच्या बाबतीत. छाती लाल होते, ठणकते, थंडी वाजून ताप येतो, आणि घरची म्हणतात, नजर लागली, पाजणं बंद कर. अहो, दूध तुंबलं की दुखणं वाढतं! बहुतेकदा त्या छातीनंही पाजता येतं, नाहीतर दूध काढून टाकायचं. गाठ झाली असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. पुरुष डॉक्टरची लाज वाटत असेल, तर आधी आशाताईला किंवा नर्सबाईंना दाखवा.

आमच्याकडे आता प्रत्येकाचा टॉवेल वेगळा, ब्लेडही वेगळं. दोरीवर जागा पुरत नाही म्हणून सासूबाई कुरकुरतात. जाऊबाईंनी मात्र परवा गुपचूप साखर तपासून घेतली. कागद मला पिठाच्या डब्यामागे सापडला.