मतांचा आहेर

बातम्यांना मतं देणाऱ्या संकेतस्थळांवर आपलाच दुवा टाकायचा, ओळखीपाळखीच्यांकडून तो वर ढकलून घ्यायचा आणि त्या जोरावर गूगलचं पहिलं पान गाठायचं, या उद्योगाला हल्ली मार्केटिंग म्हणतात. मी त्याला खोटी साक्ष म्हणतो. मंडळी, आज जरा कडकच लिहिणार आहे. (नात्यातल्यांनी आधी पाणी पिऊन घ्यावं.)

थोडं मागे जातो. १९९८ साली स्टॅनफर्डमध्ये लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी मांडलेली कल्पना तशी साधी होती. एका पानाने दुसऱ्या पानाचा दुवा दिला म्हणजे त्याच्या बाजूने मत दिलं. आणि मत देणारा जितका वजनदार, तितकं त्याच्या मताला वजन. आपल्याकडे डॉक्टर शोधताना आपण हेच करतो की. चार जणांना विचारतो, आणि त्यातल्या मोजकं बोलणाऱ्याचं ऐकतो.

मग मतांची संकेतस्थळं आली. डिग २००४च्या अखेरीस, रेडिट २००५च्या जूनमध्ये. संपादक नाही, पहिल्या पानावर काय लागणार ते वाचकच ठरवणार. मला ही कल्पना तेव्हाही आवडली होती, आजही आवडते. डिगच्या पहिल्या पानावर एखाद्याचा दुवा लागला की त्या बिचाऱ्याचा सर्व्हर आडवा व्हायचा, इतकी माणसं टिचक्या मारत यायची. त्यांत काही ब्लॉग लिहिणारे असायचे, ते आपापल्या ब्लॉगवर त्याबद्दल लिहायचे, दुवा द्यायचे, आणि गूगल मोजायचं ते हे दुवे. म्हणजे मत ते क्रमांक हा रस्ता माणसांच्या डोक्यातून जात होता. कुणीतरी वाचायचं, कुणालातरी पटायचं, मग दुवा. सल्लागार मंडळींनी यातलं 'वाचायचं' आणि 'पटायचं' तेवढं काढून टाकलं. उरली नुसती बटणं.

ती बटणं विकत मिळायला वेळ लागला नाही. २००७ साली 'वायर्ड'च्या एका पत्रकाराने मुद्दाम कंटाळवाणा ब्लॉग काढला, गर्दीचे फोटो आणि खाली काहीबाही मजकूर. मतं विकणाऱ्या एका कंपनीला पैसे दिले आणि डिगवर तो ब्लॉग चक्क लोकप्रिय झाला. पुढे २०१० साली डिगने नवी रचना आणली, त्यात प्रकाशकांना आपापले दुवे आपोआप ओतायची सोय झाली. वाचक इतके भडकले की त्यांनी डिगचं पहिलं पान रेडिटच्या दुव्यांनी भरून टाकलं आणि बरेचसे तिकडे निघून गेले. २०१२मध्ये डिग विकलं गेलं तेव्हा त्याची किंमत जेमतेम ५ लाख डॉलर आल्याच्या बातम्या होत्या. नुसत्या विकतच्या मतांनी ते बुडालं असं मी म्हणणार नाही. पण वर काय लागतंय ते वाचकांच्या हातात राहिलेलं नाही असं वाटायला लागल्यावर कोण थांबेल तिथे?

आता घरचं. माझा भाचा देवगडचा आंबा थेट गिऱ्हाईकाला विकतो, त्याचं संकेतस्थळ आहे, आणि आंबा खरोखर घरच्या बागेतला आहे. त्याला एका एजन्सीने पॅकेज विकलंय. रेडिटवर एका जुन्या खात्यावरून प्रश्न पडणार, 'पुण्यात खात्रीचा हापूस कुठे मिळेल?' दोन दिवसांनी दुसरं खातं आमच्या संकेतस्थळाचं नाव घेणार. तिसरं म्हणणार, मी मागवला होता, अप्रतिम. तिन्ही खाती एजन्सीचीच. आणि आम्ही नातेवाइकांनी काय करायचं, तर वरचा बाण दाबायचा. "मामा, तू फक्त बाण दाब, बाकी काही नको. आणि सगळ्यांनी एकाच वायफायवरून दाबू नका." हे शेवटचं वाक्य त्याने अगदी सहज सांगितलं. जे काम करताना वायफाय बदलावं लागतं ते काम कसलं असतं, हे मी त्याला फोनवर विचारलं. तो हसला. मी नाही हसलो.

बरं, रेडिटच का? कारण जाहिरातींना आणि भरताड लेखांना कंटाळलेली माणसं शोधताना शेवटी 'रेडिट' हा शब्द मुद्दाम जोडायला लागली. त्यांना यंत्राचं उत्तर नको होतं, वापरून बघितलेल्या माणसाचं हवं होतं. गूगलनेही ते ओळखलं. २०२४च्या फेब्रुवारीत दोघांचा करार झाला, वर्षाला सुमारे ६ कोटी डॉलरचा, असं छापून आलं होतं. म्हणजे जिथे माणूस भेटेल या आशेने लोक जातात, नेमका तिथेच आपण पुठ्ठ्याचा माणूस उभा करायचा. आणि तिथलं लिखाण आता यंत्रंही वाचतात. २०२४च्या मे महिन्यात गूगलच्या एआयने पिझ्झ्यावरचं चीज सरकू नये म्हणून त्यात गोंद घालायला सांगितलं होतं, ते रेडिटवरच्या अकरा वर्षं जुन्या एका थट्टेवरून! थट्टेचा जर सल्ला होतो, तर पैसे देऊन पेरलेल्या थापेचं काय होईल?

भाच्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. तो म्हणतो, माल चांगला आहे, मग खोटं काय? आणि सगळेच करतात. न करणाऱ्याचा आंबा बागेतच राहतो. शिवाय त्याने मला एक टोला हाणला, तो खरा आहे. रेडिटच्या संस्थापकांनी स्वतःच सुरुवातीला खोट्या नावांनी दुवे टाकले होते, ओस पडलेलं दिसू नये म्हणून, आणि पुढे ते उघडपणे सांगितलंही. बरोबर आहे. मला तेही आवडलेलं नाही. पण त्यांनी निदान वाचण्याजोगं काहीतरी तिथे आणून ठेवलं. 'मी मागवला, मी खाल्ला' असं न खाल्लेल्या माणसाच्या तोंडून वदवणं ही फार वेगळी गोष्ट आहे. माल खरा असला म्हणून साक्षीदार खरा होत नाही.

आणि हे हापूसवाल्यांनी करावं? ताई, वाचत असशील तर रागावू नकोस, पण दर एप्रिलमध्ये तू आणि भावजी कुणाच्या नावाने बोटं मोडता? कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत भरून विकणाऱ्यांच्या. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते याच भांडणासाठी ना? पेटीवरचं नाव आणि आतलं फळ एकच असावं, एवढीच आपली मागणी होती. मग प्रतिसादावरचं नाव आणि आतला माणूस एकच असावा ही मागणी गिऱ्हाईकाने केली, तर आपण तोंड कुठे लपवणार?

ब्लॉगवाल्या दोस्तांनो, आपणही काही धुतल्या तांदळासारखे नाही. 'छान लिहिलंय, माझ्याही ब्लॉगवर या' हा प्रतिसाद आठवतोय ना? लग्नातल्या आहेरासारखा तो वहीत मांडून ठेवायचा आणि परत फेडायचा. त्यात प्रेम असतं, नाही असं नाही, पण अंदाज कळत नाही. कोणता लेख खरंच चांगला होता ते लिहिणाऱ्यालाही कळत नाही. इंग्रजीच्या समुद्रात पाच खोटी मतं विरघळून जातात. मराठीत एखाद्या लेखाला मुळात वीस मतं पडतात, त्यातली पाच भावकीची असली की सगळा तराजूच वाकडा.

मी बाण दाबणार नाही. भाच्याला दुसरं काम करून देईन असं सांगितलंय. हापूसमध्ये साका का निघतो, बाहेरून फळ चांगलं दिसत असताना आत पांढरा, आंबट गर कसा असतो, आणि तसं निघालं तर आम्ही काय बदलून देतो, यावर एक मोठं पान लिहायचं. आढी घातल्याचे आणि साका निघालेल्या कापलेल्या फळांचे फोटो टाकायचे. विकणारे हा विषय टाळतात आणि गिऱ्हाईकांना नेमका तोच पडलेला असतो. त्याचा दुवा लोक आपणहून देतील असं मला वाटतं. कदाचित नाही देणार. तो म्हणाला, "मामा, साक्याचे फोटो टाकून आंबा विकला जाईल का?" एजन्सीला पुढच्या महिन्याचे पैसे द्यायचे की नाहीत हे त्याने अजून ठरवलेलं नाही.