भोंगा वाजून गेल्यावर

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून तिथे रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा वाजला की घराघरातले टीव्ही आणि मोबाइल बंद करायचे, साडेआठला तो पुन्हा वाजेपर्यंत मुलांनी अभ्यास करायचा आणि मोठ्यांनी वाचायचे किंवा एकमेकांशी बोलायचे. करोनाच्या काळात शाळेसाठी म्हणून मुलांच्या हाती आलेला फोन शाळा भरू लागल्यावरही सुटेना, तेव्हा सरपंच विजय मोहिते आणि ग्रामस्थांनी १४ ऑगस्टच्या सभेत हा निर्णय घेतला. सुरुवातीला लोकांना त्याचे हसू आले, मग शिक्षक आणि आरोग्य कर्मचारी दारोदार फिरले, आणि गावाने तो निर्णय अंगवळणी पाडला. यात एक फार शहाणपणाची गोष्ट आहे. एकट्या घराने फोन काढून घेतला तर त्या घरातले पोर मित्रांमध्ये एकटे पडते. सगळे गाव एकदम थांबते तेव्हा कोणीच एकटे पडत नाही. त्यामुळे वडगावच्या निर्णयाबद्दल माझ्या मनात आदर आहे. तरीही भोंग्याला एक मर्यादा आहे. तो वेळ ठरवतो, पण साडेआठनंतर मुले फोनवर जे उघडतात त्याचा बरेवाईटपणा ठरवत नाही. व्हिडिओ गेमबद्दलची आपली सगळी चर्चा याच ठिकाणी अडलेली आहे. गेम चांगले की वाईट, एवढाच प्रश्न आपण विचारतो. कोणता गेम, तो कसा बांधलेला आहे आणि कशावर कमावतो, हे विचारायला आपण अजून शिकलेलो नाही.

ज्या जिल्ह्यात हे गाव आहे, त्या जिल्ह्याला पारखण्याचा हा धडा नवा नाही. १८४३ मध्ये संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगवले आणि मराठी रंगभूमीचा आरंभ झाला. त्यानंतर कित्येक दशके नाटक हा घरंदाज माणसाने करायचा धंदा मानला जात नव्हता. घरातला मुलगा नाटक कंपनीत गेला म्हणजे वाया गेला, हे मत सर्रास ऐकू येई. पुढे सांगलीजवळच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी १८९९ मध्ये ‘संगीत शारदा’ रंगभूमीवर आणले आणि म्हाताऱ्या नवऱ्यांशी लावल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलींचे दुःख त्याच रंगभूमीने समाजासमोर मांडले. नाटकाची प्रतिष्ठा सरसकट निषेधाने किंवा सरसकट कौतुकाने वाढली नाही. अमुक नाटक का चांगले, तमुक का सुमार, कुठे लेखक टाळ्यांसाठी वाहवला, हे लिहिणारे आणि वाचणारे तयार झाले म्हणून ती वाढली. आज सांगलीला नाट्यपंढरी म्हणताना या घडणीतला परीक्षणाचा वाटा आपण विसरू नये.

गेमचे बलस्थान काय, हे आधी प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. नाटक, कादंबरी आणि सिनेमा आपल्याला दुसऱ्याचा निर्णय दाखवतात. गेम तो निर्णय आपल्याला घ्यायला लावतो आणि त्याचे परिणामही आपल्याच पदरात टाकतो. ‘धिस वॉर ऑफ माइन’ हा २०१४ चा पोलंडमधला गेम घ्या. युद्धाचे खेळ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बंदूकधारी सैनिक येतो. इथे मात्र वेढा पडलेल्या शहरातली साधी माणसे सांभाळायची असतात. औषध एकच आहे, आजारी दोघे आहेत. शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याच्या घरातले धान्य चोरले तर आपले लोक जगतील. सारायेव्होच्या वेढ्यावरून सुचलेल्या या गेमला पोलंडच्या सरकारने २०२० मध्ये शाळांच्या पूरक वाचनाच्या यादीत स्थान देण्याचे जाहीर केले. दुसरे उदाहरण आपल्याला जवळचे आहे. २०२३ मध्ये आलेल्या ‘वेन्बा’त कॅनडात स्थायिक झालेली एक तमिळ आई आहे. तिच्या आईच्या पाककृतींची वही फाटली-विटली आहे, आणि पुसलेल्या ओळी जुळवत खेळणाऱ्याने इडली-पुट्टू करायचे असते. मुलगा मोठा होतो तशी त्याची तमिळ सुटत जाते, आणि ती तुटलेली नाळ खेळणाऱ्याला स्वयंपाकाच्या ओट्यापाशी जाणवत राहते. २०२४ मध्ये या गेमला पदार्पणासाठीचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. हा गेम साधारण दीड-दोन तासांत संपतो. अमेरिकेत किंवा जर्मनीत मुलाशी मराठीत बोलत राहण्यासाठी धडपडणाऱ्या आईची गोष्ट याहून वेगळी नाही, पण ती गेममधून सांगावी असे आपल्याकडे अजून कोणाला वाटलेले नाही. कौशल्य नाही म्हणावे तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची गोष्ट सांगणारा ‘राजी’ बनवला आणि तो जगभर खेळला गेला.

मग मुले फोनला चिकटून बसतात ही सातारा-सांगलीतल्या पालकांची तक्रार खोटी आहे का? मुळीच नाही. कारण त्यांच्या मुलांच्या फोनवर ‘वेन्बा’ नसतो. तिथे असतात ते फुकट उतरवता येणारे आणि कधीही न संपणारे गेम. माझ्या मते आजच्या व्हिडिओ गेमचा सर्वांत मोठा दोष या न संपण्यात आहे. सांगलीनेच याच्या उलट टोकाचा बैठा खेळ जोपासला आहे. भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ यांनी या शहरात बुद्धिबळाची परंपरा उभी केली. महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटे इथल्याच. बुद्धिबळपटू तासन्‌तास बसून असतो, डोळे पटावर खिळलेले असतात, हरल्यावर रात्री झोपही लागत नाही. तरी त्याला कोणी रोगी म्हणत नाही. कारण डाव संपतो. पट मिटल्यावर प्यादी हाका मारत नाहीत. आज रात्री बारापूर्वी खेळला नाहीस तर तुझा घोडा परत घेऊ, अशी धमकी देत नाहीत. पैसे भरलेस तर वजीर सोनेरी मिळेल, असे आमिष दाखवत नाहीत. फोनवरचे बरेच फुकट गेम नेमके हेच करतात. रोज हजेरी लावली की बक्षीस, एक दिवस चुकला की साखळी तुटली. ठरावीक मुदतीत संपणारा ‘सीझन’. मित्रांच्या ‘स्क्वॉड’मध्ये आपल्याकडेच भारी ‘स्किन’ नसल्याची सल. आणि आत काय निघेल ते न सांगता विकलेला ‘क्रेट’. रुपयाचे आधी गेममधले ‘यूसी’ किंवा ‘डायमंड’ होतात, म्हणजे वडिलांच्या खात्यातले किती गेले याचा अंदाज मुलाला येत नाही. बक्षीस कधी मिळेल हे अनिश्चित ठेवले की प्राणी कळ दाबतच राहतो, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी गेल्या शतकात कबुतरांवरच्या प्रयोगांतून दाखवले होते. त्याच तत्त्वावर आता धंदा उभा आहे.

हा आरोप हवेतला नाही. मुलांकडून नकळत खरेदी करवून घेणारी बटणांची रचना केल्याबद्दल ‘फोर्टनाइट’च्या एपिक गेम्सला अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२२ च्या डिसेंबरात धारेवर धरले. मुलांच्या खासगी माहितीच्या प्रकरणासह एकूण ५२ कोटी डॉलर भरण्याची तडजोड कंपनीला करावी लागली, त्यांतले साडेचोवीस कोटी ग्राहकांना परत देण्यासाठी होते. बेल्जियमने २०१८ मध्येच काही गेममधल्या पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या ‘क्रेट’सारख्या पेट्यांना जुगार ठरवले. आपल्याकडे पबजी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली ती देशाच्या सुरक्षेच्या कारणाने. मुलांशी तिचा संबंध नव्हता. तोच गेम ‘बीजीएमआय’ नावाने आला, २०२२ मध्ये पुन्हा हटवला गेला आणि २०२३ च्या मे महिन्यात परतला, तेव्हा १८ वर्षांखालच्यांसाठी दिवसाला तीन तासांची मर्यादा होती. हे आकडे शेजारी ठेवून पाहा. वडगाव मुलांकडे दिवसातला दीड तास मागते, आणि उद्योग शाळकरी मुलाच्या दिवसातले तीन तास घेण्याला संयम समजतो.

गेमच्या या चर्चेत तीन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला हिंसेचा. गोळीबाराचे खेळ खेळून मुले हिंसक होतात असे अनेकांना वाटते. पण ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १४-१५ वर्षांच्या सुमारे हजार ब्रिटिश मुलामुलींची पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध केली, तिच्यात हिंसक गेम आणि मुलांची आक्रमकता यांचा संबंध आढळला नाही. म्हणून असे गेम लहानग्यांच्या हाती द्यावेत असे मी म्हणणार नाही. अभिरुचीचा प्रश्न उरतोच. मात्र हिंसेच्या गोंगाटात धंद्याची रचना नजरेआड होते, हे मोठे नुकसान आहे. ‘व्यसना’चेही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराला रोगांच्या यादीत स्थान दिले आहे, पण त्यासाठी ताबा सुटणे, बाकी सगळे मागे पडणे आणि नुकसान दिसत असूनही न थांबणे ही लक्षणे साधारण वर्षभर दिसावी लागतात. रोज तासभर खेळणाऱ्या प्रत्येक मुलावर तो शिक्का मारू नये.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो या मातीतून येतो. १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक जिंकणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. तालमी आणि मैदाने असताना पोरांनी बोटे कशाला झिजवावीत, असा हा प्रश्न आहे. धावण्याला, दमण्याला, अंगाला माती लागण्याला कोणताही गेम पर्याय नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. परंतु ज्या मैदानी बालपणाची आठवण आपण काढतो ते बहुतांशी मुलग्यांचे बालपण होते. अंधार पडल्यावर गावातल्या किती मुलींना मैदान मोकळे असते? तालमीचे दार किती जणींसाठी उघडले? त्यांच्या हातातला फोन काढून घेताना त्या बदल्यात आपण काय देतो, याचे उत्तर आधी द्यायला हवे. शिवाय तालमीत वस्ताद असतो. कोणत्या पोराला किती रगडायचे आणि कधी बस म्हणायचे, हे त्याला कळते. फोनवरच्या खेळात बस म्हणणारा कोणी नाही. तिथली सगळी यंत्रणा ‘आणखी एक’ म्हणायला बसवलेली आहे.

तिसरे म्हणणे असे, की ही पालकांची जबाबदारी आहे. आहेच. पण साखर कारखान्यात पाळी करून आलेला बाप किंवा दिवसभर शेतात राबलेली आई ही जबाबदारी कशाच्या आधारावर पार पाडणार? पुस्तक चाळून पाहता येते, सिनेमा शेजारी बसून पाहता येतो. गेम मात्र खांद्यावरून डोकावून कळत नाही. वरवर सारख्या दिसणाऱ्या दोन गेमपैकी एकात निव्वळ कौशल्य असते आणि दुसऱ्यात सोडतीचा बाजार असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून पैसे जिंकण्याचे खेळ बंद केले आणि ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली. रमीच्या नादाने बुडालेल्या घरांचा विचार केला तर हे पाऊल आवश्यक होते. तरी कायद्याचा मुख्य रोख पैजेवर आहे. जिथे पैसे जिंकता येत नाहीत, फक्त मुलांचा वेळ आणि थोडेथोडे रुपये जात राहतात, त्या खेळांची पारख पोलिस ठाणे करू शकणार नाही.

ती पारख समीक्षेने करायची असते, आणि मराठीत ती जवळजवळ नाही. दर आठवड्याला आपण सिनेमाला तारे देतो, नाटकाच्या नेपथ्यावर परिच्छेद लिहितो, पण आपली मुले ज्यात सर्वाधिक रमतात त्या कलाप्रकाराबद्दल बातमी येते ती आत्महत्येची किंवा बंदीची. साताऱ्याच्या भिलारला २०१७ मध्ये पुस्तकांचे गाव करताना घरोघरी वेगवेगळ्या विषयांची पुस्तके निवडून ठेवली गेली. वाचा म्हणताना काय वाचावे हेही तिथे समोर ठेवले. त्याच धर्तीवर मराठी वृत्तपत्रांनी नाटक-सिनेमाच्या परीक्षणाशेजारी दर आठवड्याला एका गेमचे परीक्षण छापावे. गेम संपतो की नाही, पैसे कुठे आणि कसे मागतो, कोणत्या वयाला योग्य, गोष्ट सांगतो का आणि कशी, हे त्यात स्पष्ट लिहावे. सुरुवात सातारा-सांगलीच्या मुलांच्या फोनवर आज जे गेम आहेत त्यांच्यापासून करावी.